नाशिक ते दिल्ली ९९० किलोमीटर, मग विमानाला दोन तास का लागतात?

आमच्या कॉलनीतल्या एका मुलानं परवा विचारलं, काका, मॅपवर ओझर, म्हणजे आपलं नाशिकचं विमानतळ, ते दिल्ली सरळ रेषेत ९९० किलोमीटर दाखवतंय, विमान ताशी सव्वाआठशेनं जातं, म्हणजे सव्वा तासात पोचायला पाहिजे, मग तिकिटावर जवळजवळ दोन तास का लिहिलेत? खरा प्रश्न त्याच्या पुढचा होता. आईबाबा पहिल्यांदाच परदेशी निघालेत, ताईकडे, सॅन फ्रान्सिस्कोला. ओझरवरून दिल्ली आणि दिल्लीवरून पुढचं विमान, दोन्ही तिकिटं वेगवेगळी काढायची आणि मध्ये अडीच तास ठेवायचे असा त्याचा हिशोब, कारण "सव्वा तासाचं तर विमान आहे, कंपनी उगाच दोन तास लिहिते".

बाबा रे, अडीच तास अजिबात ठेवू नको. कारण नीट समजावून सांगतो, थोडं लांबेल पण आईबाबांचा प्रश्न आहे म्हणून सगळं वाच.

मी बावीस वर्षं फ्लाइट डिस्पॅचर म्हणून काम केलंय. विमान उडायच्या आधी त्याचा रस्ता कुठला, उंची किती, वर वारा कसा, इंधन किती भरायचं हे सगळं गणित करून जो माणूस फ्लाइट प्लॅनचा कागद पायलटच्या हातात देतो तो डिस्पॅचर. त्यामुळे अंतर आणि वेळ हा माझा रोजच्या भाकरीचा विषय होता, आणि इतक्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली, अंतराला वेगानं भागून जो आकडा येतो तो फक्त शाळेतल्या गणितात बरोबर असतो.

आता तुझं गणित घेऊ. ९९० हा आकडा बरोबरच आहे. पृथ्वी गोल धरून, तिची त्रिज्या ६,३७१ किमी घेऊन दोन विमानतळांच्या अक्षांश-रेखांशावरून जे सगळ्यात कमी अंतर निघतं त्याला ग्रेट सर्कल म्हणतात, ओझर-दिल्लीचं ते साधारण ९९० येतं, आम्ही ते नॉटिकल माइलमध्ये मोजतो, म्हणजे सुमारे ५३५. एक नॉटिकल माइल म्हणजे १.८५२ किमी, अक्षांशाचं एक मिनिट, म्हणून आकाशात आणि समुद्रात तेच माप सोयीचं पडतं. पण ही रेषा विमान उडतं ती नाही. विमानाला ठरलेल्या हवाई मार्गावरून जावं लागतं, एका पॉइंटवरून दुसऱ्या पॉइंटवर, आणि मध्ये लष्कराची आकाशं येतात. आपल्याकडेच बघ ना, देवळालीला तोफखान्याचं स्कूल आणि फायरिंग रेंज, ओझरचा रनवे तर एचएएलचा, म्हणजे सरकारी विमान कारखान्याचा, तिथं सुखोई बनली आणि तिथूनच त्यांच्या चाचण्या होतात. देशभर अशी किती तरी ठिकाणं आहेत. मे २०२० मध्ये अर्थमंत्र्यांनीच सांगितलं होतं की भारताचं फक्त ६० टक्के आकाश प्रवासी विमानांना मोकळं मिळतं, तेव्हापासून लष्कराला नको असेल त्या वेळी ते उघडायचं असं धोरण चालू आहे आणि त्याचा फायदा होतोय, पण अजूनही वळसा असतोच. शिवाय दिल्लीत उतरताना कुठल्या बाजूनं रांगेत यायचं तेही ठरलेलं असतं. सगळं मिळून पाच टक्के वाढ धर, म्हणजे ९९० चे झाले १,०४०.

आता वेग. सव्वाआठशे-साडेआठशे हा ए३२० या जेट विमानाचा वर गेल्यावरचा वेग आहे, ध्वनीच्या वेगाच्या ०.७८ पट, पस्तीस हजार फुटांवर तो ताशी ८३० च्या आसपास पडतो. पण जमिनीवरून सुटल्या सुटल्या विमान त्या वेगानं पळत नाही. दहा हजार फुटांच्या खाली साधारण २५० नॉटच्या वर जायचं नसतं, म्हणजे ताशी ४६०, आणि चढताना अर्धी ताकद चढण्यातच जाते, कसारा घाटात एसटी कशी चढते तसं. वर पोचायला २०-२२ मिनिटं जातात, तेवढ्यात सव्वादोनशे किमी कापलेले असतात. उतरायची सुरुवात पण दिल्लीच्या दोनशे किमी आधीच होते, म्हणजे दिल्ली अजून बरीच लांब असतानाच इंजिनाचा आवाज बारीक होतो, ते तू पुढच्या वेळी लक्ष देऊन ऐक. त्याला २३ मिनिटं. मधले उरले सहाशे किमी, ८३० च्या वेगानं ४४ मिनिटं. बेरीज कर, २२ आणि ४४ आणि २३, ८९ झाली. रांगेत लावताना एटीसीनं, म्हणजे खालून विमानांना रस्ता देणाऱ्या कंट्रोलनं, थोडं इकडे-तिकडे फिरवलं की ९४-९५. म्हणजे एक हजार किलोमीटरच्या प्रवासात पूर्ण वेगानं विमान पाऊण तास सुद्धा उडत नाही! जेवढं अंतर कमी तेवढा हा मधला भाग कमी, म्हणून छोट्या मार्गावर वेगाचा आकडा बघणं निरर्थक असतं.

आणि तिकिटावरची वेळ ही उडण्याची नसतेच. ती असते ब्लॉक टाइम. विमानाच्या चाकांखाली ठोकळे लावलेले असतात ना, ओझरला ते काढून विमान हललं तिथपासून ते दिल्लीला पार्किंगमध्ये थांबून परत ठोकळे लागले तिथपर्यंत. ओझर छोटं आहे, सात-आठ मिनिटांत रनवेवर जाऊन सुटतं. दिल्लीला मात्र आता चार रनवे आहेत, आणि लांबच्या रनवेवर उतरवलं तर चाकं टेकल्यापासून दरवाजा उघडेपर्यंत पंधरा-वीस मिनिटं सहज जातात, लोक उठून बॅगा काढून उभे राहतात आणि विमान आपलं चालतंच असतं. म्हणजे ८ आणि ९४ आणि १४, झाले की ११६. दोन तासाला चार मिनिटं कमी. वर कंपनी थोडा बफर टाकते कारण वेळापत्रकाच्या पंधरा मिनिटांच्या आत आलं तर ते विमान "वेळेवर" धरलं जातं. तर दोन तास उगाच लिहिलेले नाहीत, उलट त्यात चैन अशी काहीच नाही.

लोक म्हणतात उशीर झाला तर पायलट वर पळवून घेईल. नाही होत तसं. ०.७८ चं ०.८० केलं तर त्या ४४ मिनिटांतलं एक मिनिट वाचतं. एक! आणि इंधन जास्त जळतं ते वेगळंच, हे विमान तासाला दोन-अडीच टन पितं. वेळ भरून निघतो तो एटीसीनं सरळ रस्ता दिला तर किंवा तो बफर असतो म्हणून.

आता वारा, माझा सगळ्यात आवडता विषय आणि सगळ्यात कमी लोकांना माहीत असलेला. हिवाळ्यात उत्तर भारतावर तीस-चाळीस हजार फुटांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, जेट स्ट्रीम, शंभर नॉट म्हणजे ताशी १८५ किमी आम्ही नेहमी बघायचो, कधी त्याहून जास्त. विमान हवेत पोहत असतं, त्यामुळे हवाच पुढे चालली तर विमान फुकटात पुढे जातं आणि समोरून आली तर मागे ओढलं जातं. मुंबई-कोलकाता घे, सुमारे १,६६० किमी, जवळजवळ सरळ पूर्वेला. ऐंशी नॉटचा वारा असेल तर जाताना आणि येताना अर्ध्या तासाचा फरक पडतो, तेच विमान, तेच अंतर, तोच पायलट. आणि यात एक गंमत आहे जी मला नवीन मुलांना शिकवताना दर वेळी पाटीवर मांडून दाखवावी लागायची, जाताना जेवढं वाचतं तेवढंच येताना जातं असं नाही, जातं ते नेहमी जास्त, कारण समोरच्या वाऱ्यात तुम्ही जास्त वेळ अडकून राहता. जाऊन-येऊन मिळून वारा तोट्याचाच.

नाशिक-दिल्ली तर उत्तरेला, थोडं ईशान्येला कललेलं, म्हणजे हा वारा आडवा लागतो. मग वाटेल की आडव्या वाऱ्याचं काय, ना मदत ना अडथळा. पण गोदावरीला पाणी असताना रामकुंडापाशी पोरं या काठावरून त्या काठावर पोहतात तेव्हा बघितलंस का, समोरच्या पायरीवर पोचायचं असेल तर तोंड वरच्या बाजूला, प्रवाहाकडे तिरकं ठेवावं लागतं, नाहीतर खाली दुतोंड्या मारुतीकडे वाहत जातो. विमानाचं तसंच. नव्वद नॉटचा आडवा वारा असेल तर नाक अकरा अंश पश्चिमेला वळवून उडावं लागतं, आणि ताकदीतला काही भाग नुसता वाऱ्याशी झगडण्यात जातो. दिल्लीकडे जाताना थोडा वारा पाठीशी मिळतो म्हणून निभतं, येताना दोन्हीकडून मार. फरक पाच-सहा मिनिटांचा, पण कागदावर तो दिसतो.

तो कागद कसा असतो ते सांगतो. एकाखाली एक पॉइंटची नावं, प्रत्येकासमोर उंची, वारा, जमिनीवरचा वेग, इतक्या मिनिटांनी तिथं पोचणार, तेव्हा टाकीत इतके किलो राहणार. खाली इंधनाचा हिशोब, प्रवासाचं इतकं, त्यावर पाच टक्के जादा, दुसऱ्या विमानतळावर जावं लागलं तर त्याचं इतकं, आणि शेवटचं तीस मिनिटांचं ज्याला हात लावायचा नाही. एका जानेवारीत रात्रपाळीला मी असा दिल्लीचा प्लॅन दिला, कॅप्टन बाई होत्या, खूप अनुभवी, त्यांनी पेननं दिल्लीच्या व्हिजिबिलिटीच्या आकड्याभोवती गोल केला, दोनशे मीटर होता, आणि फक्त एवढंच म्हणाल्या, अर्धा तास होल्डिंगचं, वर गोल फिरत थांबायचं, जादा इंधन टाका. टाकलं. पहाटे दिल्लीवर पंचवीस मिनिटं गोल फिरून विमान शेवटी जयपूरला गेलं. त्या दिवशी ज्यांची पुढची विमानं होती त्यांचं काय झालं ते तूच समज. प्लॅनवर प्रवासाची वेळ लिहिली होती दीड तास, प्रत्यक्षात लोक दिल्लीत पोचले दुपारी.

विमान कुठलं आहे तेही तिकिटावर बघत जा. एटीआर असेल तर तो पंख्याचा, ताशी पाचशेच्या आसपास, आणि तो इतका वर जातच नाही. नाशिक-हैदराबादसारख्या पावणेसहाशे किमीच्या मार्गावर एटीआर आणि जेटमध्ये १५-२० मिनिटांचाच फरक पडतो, त्याची काळजी करायची नाही. दिल्लीसारख्या अंतराला मात्र एटीआर नको.

आता सॅन फ्रान्सिस्को. दिल्लीपासून ग्रेट सर्कल साधारण १२,४०० किमी, आणि ती रेषा मॅपवर सपाट कागदावर ओढतो तशी नसते, ती वर उत्तरेकडून, ध्रुवाच्या बाजूनं जाते, विश्वास बसत नसेल तर घरातल्या पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून बघ. पण खरी गोष्ट पुढे आहे. एअर इंडिया आधी हे विमान पश्चिमेकडून, अटलांटिकवरून न्यायची. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी ते उलट्या दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं. अंतर झालं सुमारे १५,३०० किमी, आधीच्या रस्त्यापेक्षा १,४०० किमी जास्त, आणि पोचायला लागले साडेचौदा तास, आधीपेक्षा जवळपास दोन तास कमी! कारण तोच जेट स्ट्रीम, जपानच्या बाजूला तो सगळ्यात जोरात असतो आणि पूर्वेला जाणाऱ्याला पाठीवर घेतो. भागून बघ, ताशी हजाराच्या वर सरासरी येते, विमानाचा स्वतःचा वेग तेवढा नाहीच, बाकीचं वाऱ्यानं दिलं. ही बातमी आली त्या दिवशी आमच्या ऑफिसात सगळे तो मार्ग नकाशावर बोट फिरवून बघत होते, मला आजही ते आठवलं की बरं वाटतं. आमच्या कामाची सगळी विद्या त्या एका उड्डाणात होती.

उलट उदाहरण पण घे. पाकिस्ताननं २०१९ ला फेब्रुवारी ते जुलै आणि पुन्हा एप्रिल २०२५ मध्ये आपल्या विमानांना आकाश बंद केलं, तेव्हा दिल्लीहून युरोपला जाणाऱ्या विमानांचं मॅपवरचं अंतर एक मीटरनंही बदललं नाही, पण खाली अरबी समुद्रावरून वळसा घालावा लागल्यानं वेळ वाढला. म्हणून दोन वर्षांपूर्वी कुणीतरी सांगितलेली वेळ धरून चालायचं नाही, आपल्या तारखेच्या तिकिटावर काय छापलंय तेच बघायचं.

तुझ्या बाबांना पडलेलं कोडं, दिल्लीहून पहाटे निघून त्याच दिवशी सकाळी अमेरिकेत कसे पोचतात, त्याचं उत्तर सोपं आहे. तिकिटावर दोन्हीकडच्या वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या असतात. थंडीत सॅन फ्रान्सिस्को आपल्या साडेतेरा तास मागे, उन्हाळ्यात साडेबारा. समज थंडीत पहाटे चारला निघाले, सोळा तास लागले, आपल्याकडे रात्रीचे आठ झाले, त्यातून साडेतेरा वजा कर, तिथं सकाळचे साडेसहा. वजाबाकी करून वेळ काढायची नाही, तिकिटावर "ड्युरेशन" वेगळं लिहिलेलं असतं ते वाचायचं.

आता अडीच तासांचं. ओझरला जे विमान तुझ्या आईबाबांना घेऊन जाणार ते तिथं आदल्या रात्रीपासून उभं आहे असं समजू नको, बहुतेक वेळा ते दिल्लीहूनच येतं, अर्ध्या-पाऊण तासात साफसफाई करून परत फिरतं. म्हणजे दिल्लीला सकाळी धुकं असेल तर ते निघायलाच उशीर, मग इथं उशीर, मग परत दिल्लीला रांगेत उशीर, तिन्ही एकावर एक चढतात. ओझरला मस्त ऊन पडलेलं असतं आणि लोक काउंटरवर भांडत असतात की हवा तर स्वच्छ आहे. बरं, दिल्लीत उतरल्यावर बॅगा घ्यायच्या, कारण तिकिटं वेगळी असली की सामान आपोआप पुढे जात नाही. मग टर्मिनल. टर्मिनल १ वर उतरले आणि पुढचं विमान ३ वरून असेल तर बाहेर पडून रस्त्यानं जावं लागतं, ट्रॅफिकमध्ये. मग परत चेक-इन, जे परदेशी विमानाचं निदान तासभर आधी बंद होतं आणि कंपन्या तीन तास आधी या म्हणतात, इमिग्रेशन, सिक्युरिटी. आईच्या गुडघ्याचं तू सांगितलंस, तर व्हीलचेअर आधीच बुक कर, दोन्ही तिकिटांवर, ती मागायला कमीपणा वाटू देऊ नका, पण व्हीलचेअरची वाट बघण्यातही वेळ जातो.

माझ्या एका मावसभावाचं असंच झालं होतं, दोन वेगळी तिकिटं, मध्ये तीन तास, पहिलं विमान पावणेदोन तास लेट. पुढच्या कंपनीनं हात वर केले कारण त्यांच्या लेखी तो नुसता आलाच नाही. नवीन तिकीट तिथंच, त्या दिवशीच्या भावात.

म्हणून सरळ सांगतो. शक्य असेल तर दोन्ही प्रवास एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंगवर काढ, मग पहिल्याच्या उशिरानं पुढचं विमान चुकलं तर जबाबदारी त्यांची आणि सामानाचा टॅग पण थेट लागतो, काउंटरवर विचारून टॅगवर एसएफओ (सॅन फ्रान्सिस्कोचा कोड) लिहिलंय का ते आईला बघायला सांग. वेगळीच काढणार असशील तर सहा तासांच्या आत ठेवू नको, आणि डिसेंबर-जानेवारी असेल तर आदल्या दिवशी पाठव, दिल्लीत एक रात्र काढायला हरकत नाही, एका हॉटेलच्या खर्चात जिवाचा घोर जातो.

मुंबईवरून जायचं का, हेही तू विचारलंस. मुंबई-दिल्ली सुमारे १,१४० किमी, म्हणजे आपल्यापेक्षा दीडशेच जास्त, हवेत दहा-अकरा मिनिटं. पण नाशिक ते मुंबई विमानतळ हा खरा प्रवास. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी-आमणे टप्पा सुरू झाल्यापासून कसारा घाट टळतो, ते फार बरं झालं, पण आमण्याच्या पुढे भिवंडी-ठाण्याची गर्दी तशीच आहे, तिथं कधी एक तास जाईल कधी दोन. साडेतीन-चार तास धरावेच लागतात. ओझर घरापासून पाऊण तास. दिल्लीपर्यंतच जायचं असेल तर मुंबईचा विचारच नको. मात्र मुंबईवरून सॅन फ्रान्सिस्कोचं एका तिकिटावरचं विमान मिळत असेल आणि वेळ चांगली असेल तर गाडी करून मुंबईला नेऊन सोड, कारण रस्त्यावर उशीर व्हायला लागला तर निदान तू लवकर निघू शकतोस, विमानाच्या उशिरावर आपल्या हातात काहीच नसतं.

निघायच्या दिवशी एक कर, ओझरवरून सुटणाऱ्या फ्लाइटचं स्टेटस बघण्यापेक्षा दिल्लीहून ओझरला येणारी फ्लाइट उडाली का ते बघ. ती उडाली की समज इथून साधारण अडीच तासांनी हे सुटेल. ती दिल्लीतच उभी असेल तर अॅपवर कितीही "ऑन टाइम" दिसू दे, आईबाबांना सांग घरीच चहा घ्या, पण चेक-इन बंद व्हायच्या वेळेआधी पोचायचंच, कारण ती वेळ छापील सुटण्याच्या वेळेवरून धरतात. तारखा आणि दोन्ही विमानांची टर्मिनलं मला रात्री पाठव, परतीचं आपण त्यानंतर बघू.